मुंडावळीचा दोरा

लग्नाच्या याद्या होतात त्या दिवसापासून वधूच्या सोन्याचे वजन, त्याची घडणावळ आणि बट्टा यांची चर्चा घराघरांतून रंगते. परंतु वधू आणि वर या दोघांच्याही मस्तकी सारख्या मानाने जे भूषण बांधले जाते, आणि मुंजीत बटूच्या कपाळीही जे शोभते, त्या मुंडावळीची आठवण बस्ता बांधून झाल्यावर केव्हातरी कोणा आत्याबाईंना होते, आणि मग बाजारातून तयार जोड आणून वेळ भागवली जाते. मुंडावळी घरीच ओवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आणि त्याची कारणे जितकी जिव्हाळ्याची आहेत तितकीच कारागिरीचीही आहेत.

ओवण्याच्या कामात मणी दिसतो, पण सारा भार दोऱ्यावर असतो. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या क्षारांनी मण्यांच्या पोकळीतील दोरा कुजू दिला नाही, आणि तपासणीत त्यात कापूस व रेशीम या दोहोंचे तंतू आढळले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, या मातीत, कोणीतरी एका लेकरासाठी मण्यांइतकाच धाग्याचाही विचार केला होता, ही गोष्ट मला कोणत्याही रत्नहारापेक्षा मोलाची वाटते.

पेशवाईत मोत्यांचा बहर आला. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांच्या जोडीला केशभूषेत मूद, राखडी, केतकी, नग असे अलंकार होते. सोनार ते घडवी, पण मोत्यांचे सर गाठविणे हे पटवेकऱ्याचे काम. दोन मोत्यांमध्ये तो रेशमाची गाठ घाली, कारण त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखाददुसराच मोती निखळतो. इराणच्या आखातातील मोती मुंबईच्या पेठेत येत. जपानात मिकिमोटो यांनी १८९३ साली संवर्धित मोती सिद्ध केला आणि पुढील काही दशकांत त्या जुन्या व्यापाराला उतरती कळा लागली. आज पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात काचेचे मोती सहज मिळतात. खरे मोती नाहीत म्हणून कोणी खंत करू नये.

माप मात्र त्याच मस्तकाचे घ्यावे, आणि तेही खोपा किंवा अंबाडा घालून झाल्यावर, कारण केसांच्या रचनेनुसार दोऱ्याची वाट बदलते. एका कानशिलापासून कपाळावरून दुसऱ्या कानशिलापर्यंत साधारण १२ इंच धरले, तर ४ मिलिमीटरचे सुमारे ७६ मणी एका सराला लागतात. उठावासाठी ६ मिलिमीटरचे मणी घेण्याचा मोह होतो. तेव्हा मण्यांची संख्या एकतृतीयांशाने घटते खरी, पण त्याच जातीच्या मण्यांचे एकूण वजन सव्वादोनपट होते, आणि शालूचा पदर, फुले व आकडे आधीच पेलणाऱ्या डोक्याला ते काही तास सोसावे लागते. लोंबत्या सरांच्या टोकाशी मात्र थोडा जड मणी हवाच, नाहीतर सर सरळ न राहता गालांवर भिरभिरतात.

तयार मुंडावळ्या करणाऱ्यांना कधी सुचत नाही अशी एक बाब लाजाहोमाची आहे. लाह्या अर्पण करताना वधूवर अग्नीकडे वाकतात, सर पुढे झुलतात, आणि नायलॉनचा दोरा किंवा गोंडा आचेने वितळतो. म्हणून दुहेरी रेशीम मेणावरून ओढून घ्यावे, भोकांच्या कडा बोटाने चाचपून खरखरीत मणी बाजूला काढावेत, आणि सर हनुवटीखाली फार उतरू देऊ नयेत. अंबाड्यावरच्या फुलासाठी बारीक पितळी तार बरी. पाकळीपाकळीने मणी भरून तिची टोके आकड्याला पिळावीत व मागे दुमडून टाकावीत, म्हणजे केस अडकत नाहीत.

ज्यांच्या हाताला अजून वळण नाही त्यांनी संक्रांतीच्या हलव्यापासून आरंभ करावा. नव्या सुनेच्या पहिल्या सणाला काळ्या चंद्रकळेवर जे शुभ्र दागिने चढतात त्यांत बिंदी, मुकुट, वेणी सर्व काही असते, आणि काटेरी दाण्याला भोक पाडता येत नसल्याने एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरावा लागतो. गाठ ढिली पडली तर तो निसटतो, आवळली तर फुटतो. जानेवारीची कोरडी हवा या कामाला अनुकूल असते. पुठ्ठ्यावर डिंकाने दाणे चिकटवण्याचा जो सोपा रिवाज आता पडला आहे त्याने हे शिक्षण बुडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कार्य आटोपले की सर मऊ मलमलीने पुसावेत, कारण खऱ्या मोत्याचा थर चुनखडीच्या जातीचा असल्याने घाम आणि अत्तर त्याला झिजवतात, आणि काचेवरचा मुलामाही त्याने उडतो. धाकट्या भावंडाचे लग्न ठरले तर तीच मुंडावळी पुन्हा काढावी, पण सर आधी उसवून, नव्या रेशमावर, नव्या मापाने ओवावेत.