गांडूळ, पण मीटरभर लांब!

मोठा प्राणी म्हटला की हत्ती किंवा देवमासा डोळ्यांसमोर येतो. खरे नवल मात्र एरवी चिमुकल्या असणाऱ्या जीवांच्या थोरल्या भाऊबंदांचे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बास नदीच्या खोऱ्यात गिप्सलँडचे महाकाय गांडूळ राहते. लांबी साधारण १ मीटर, जाडी बोटाएवढी. ओढ्याकाठच्या ओल्या चिकणमातीतच ते जगते. वरून कोणी चालत गेले, की ते बिळात झपकन मागे सरकते आणि पायाखालून पाणी गळगळल्यासारखा आवाज येतो. एका कोशातून एकच पिल्लू निघते, तेही सुमारे वर्षभराने. जन्मतःच ते २० सेंटिमीटर भरते! इतक्या संथपणे वाढणाऱ्या जिवाचा ओलावा शेतीसाठी हिरावला गेला, तर तो सावरणार कसा? ही काळजी खरी आहे.

नारळी खेकडा हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या बेटांवर सापडतो, आपल्या अंदमान-निकोबारमध्येही. वजन ४ किलोपर्यंत, पसरलेल्या पायांचा घेर जवळजवळ १ मीटर. नांगीने तो नारळ फोडतो. पूर्ण वाढलेला खेकडा समुद्रात मात्र बुडून मरतो.

चीनमधला महाकाय सॅलमँडर हा उभयचर प्राणी १.८ मीटरपर्यंत वाढतो. खाण्यासाठी झालेल्या शिकारीने तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

आणि खारीच्या कुळातला थोरला पाहायचा, तर भीमाशंकरला जावे: महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, शेपटीसह जवळपास मीटरभर.