भाज्या व चीज घातलेलें आम्लेट

सायंकाळीं उशीर झाला म्हणजे घरीं भाकरी असते, परंतु कोरड्यास नसतें. अशा वेळीं दहा-पंधरा मिनिटांत होणारें हें आम्लेट हदगांवच्या प्रत्येक विद्यार्थ्यास करतां यावें, असें आम्हांस वाटतें.

दोन अंडीं, लहान कांदा, अर्धा टोमॅटो, मूठभर पालक, चिमूटभर हळद व दोन चमचे किसलेलें चीज घ्यावें. चीज खारट असतें. म्हणून मीठ बेतानें घालावें.

भाज्या बारीक चिरून प्रथम तेलावर परताव्या व त्यांतील पाणी आटूं द्यावें. नाहीं तर तें अंड्यांत उतरून आम्लेट फाटतें. मग फेटलेलीं अंडीं त्यांवर ओतावीं. अंड्याचा पांढरा भाग सुमारें ६२ अंश सेल्सिअसला गोठूं लागतो, पिवळा बलक ६५ ते ७० अंशांस. आंच प्रखर असल्यास तळ चिवट होतो व वरचा भाग कच्चा राहतो. कच्च्या अंड्यांत रोगजंतु असूं शकतात. म्हणून मंद आंचेवर झांकण ठेवून तें पूर्ण शिजवावें. शेवटीं चीज पसरून घडी घालावी.

दोन अंड्यांतून सुमारें १२ ग्रॅम प्रथिनें मिळतात. भुकेल्या भावंडास ऊन घांस करून घालणें ही विद्याच होय. ती मुलांनीं व मुलींनीं सारखीच शिकावी.