मामांचा टेलिफोन

गोंदिया जिल्ह्यांतील आमगांव हें भाताच्या शेतांनीं वेढलेलें, मुंबई-हावडा लोहमार्गावरचें गांव. जवळचें पदमपूर हें भवभूतीचें जन्मस्थान, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात. गेल्या दिवाळींत त्या बाजूस आप्तांकडे जात असतां वाटेंत पोलिसांनीं आमची मोटार थांबविली. चालविणाऱ्या पुतण्यानें परवाना काढलाच नव्हता, हें मला तेव्हां कळलें.

त्यानें आपल्या मामांस टेलिफोन लावला. मामा मोठ्या हुद्द्यावर. यंत्र हवालदाराच्या कानाशीं गेलें मात्र, "साहेबांचे भाचे का? मग आधीं सांगायचें नाहीं!" असें म्हणून त्यानें सलाम ठोकला. आमच्या मागें एक शेतमजूर मोटारसायकलीसह उभा होता. गुन्हा तोच, पण मामा नव्हते. त्यानें दोनशें रुपये घडी करून दिले. पावती अर्थातच नाहीं.

रात्रीं पंक्तींत ही हकीकत रंगली. वहिनींस भावाचा अभिमान वाटला, तो स्वाभाविकच. फक्त दादांनीं पानावरून मान वर करून विचारलें, "आणि तो मागचा मनुष्य?" कोणीं उत्तर दिलें नाहीं, मींहि नाहीं.

पोलिसांच्या लांचखोरीची तक्रार जुनी आहे. लॉर्ड कर्झननें १९०२ सालीं नेमलेल्या पोलीस कमिशनचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे मध्यप्रांताचेच चीफ कमिशनर होऊन गेलेले. आमगांव त्या वेळीं त्या प्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत होतें. पोलीसखातें लांचखाऊ व जुलमी आहे अशी सर्वत्र समजूत असल्याचें कमिशननें स्पष्ट नमूद केलें, आणि शिपायाचा तुटपुंजा पगार हें त्याचें एक कारण दाखविलें. पगार पुढें वाढले. मग दोनशांची घडी कां टिकली? परवान्याशिवाय वाहन चालविल्यास आज ५००० रुपये दंड आहे. ५००० व २०० यांमधील अंतर हेंच हवालदाराचें भांडवल, आणि तो सौदा गरिबासहि स्वस्त वाटतो.

१९८८ च्या लांचलुचपत प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती होऊन लांच देणाराहि सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र झाला. बळजबरीनें द्यावी लागली असल्यास सात दिवसांत वर्दी दिली तर सुटका. महाराष्ट्रांत त्यासाठीं १०६४ हा क्रमांक आहे; त्या मजुरास तो ठाऊक असेल असें मला वाटत नाहीं. आमच्या हातून तर पैसाच गेला नाहीं. म्हणून आमच्या घरांत त्या प्रकारास लांच म्हणत नाहींत, ओळख म्हणतात.

पुतण्यानें शिकाऊ परवान्याचा अर्ज अद्यापि केलेला नाहीं. मोटार मात्र तोच चालवितो.