‘गारंबीचा बापू’ आणि पेंडशांचे खोत

श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. ‘एल्गार’ (१९४९) व ‘हद्दपार’ (१९५०) यांनंतरची ही त्यांची तिसरी कादंबरी. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी येथे जन्मलेल्या या लेखकाने तिन्ही कृतींत कोकणातील गावच चित्रित केले आहे.

कादंबरीचा प्रकाशनकाळ लक्षणीय आहे. सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा वतनदार म्हणजे खोत. मुंबई राज्यातील खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. वाचकांच्या हाती गारंबी आली, तेव्हा खोताचा अधिकार कागदोपत्री संपला होता. गावाच्या मनातील त्याचा धाक मात्र इतक्या सहजासहजी जाणारा नव्हता. त्या धाकाचेच चित्र या कादंबरीत आढळते. अण्णा खोत येथे दिसतो तो खालून, पाणक्याच्या मुलाच्या नजरेने.

पेंडसे पुढे राधेकडे ‘गारंबीची राधा’ या कादंबरीत परतले. खोताकडे ते त्याआधीच, १९८७ साली, ‘तुंबाडचे खोत’ या द्विखंडात्मक कादंबरीतून वळले होते. जगबुडीकाठच्या एका घराण्याच्या चार पिढ्यांची ही कथा होय. येथे खोत आतून दिसतो. त्याच्या मग्रुरीबरोबर त्याचा ऱ्हासही दिसतो.

पहिल्या कृतीत ‘खोत’ हा शब्द सत्तेचा वाचक आहे, तर दुसरीत तो कुळाचा. हा अर्थपालट ध्यानी घेतल्यास, दोन्ही कादंबऱ्या एकत्र वाचणे का अगत्याचे आहे, हे स्पष्ट होते.