समुपदेशनात नेमके काय घडते?

आशा कार्यकर्ती घरी येते आणि झोप, भूक, कामातला रस यांविषयी विचारते. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू झाला; ही विचारपूस त्याचाच भाग.

गरज दिसल्यास समुपदेशकाकडे पाठवले जाते. त्याच्याशी पहिली भेट बहुधा माहिती घेण्यातच जाते; ‘नुसतेच प्रश्न विचारले’ अशी निराशा स्वाभाविक असते. बोललेले गुप्त राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तसा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यास अपवाद होतो.

खरे काम पुढे. नैराश्यात माणूस शिवारात, पारावर जाणे टाळतो. त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात आणि मन आणखी खचते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडले जाते: उत्साहाची वाट न पाहता रोज एक लहान काम करायचे, मग कसे वाटले ते टिपायचे. जुने दुःख बोलताना, जखम धुतल्यासारखे, आधी झोंबते. नापिकी किंवा सावकाराचा तगादा पुन्हा मागे खेचतो. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. बँकेत जाऊन बोलण्याचे बळ मात्र येऊ शकते.

सुधारणा टिकली की भेटींमधले अंतर वाढवले जाते. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी-समुपदेशन सेवा चोवीस तास, मराठीतही मिळते.