‘नॉर्मल’ सलाईन खरंच नॉर्मल आहे का?

आपल्याकडे शिरेतून काहीही दिलं तरी त्याचं नाव एकच: ‘सलाईन’. अशक्तपणा आला, सलाईन लावा! पण स्टँडवर लटकलेल्या बाटलीवरचं लेबल वाचलंय का कधी? बहुतेक वेळा तिथे डी-5, एनएस किंवा आरएल यांपैकी एक असतं, आणि तिघांचं काम वेगळं.

डी-5 म्हणजे लिटरमागे 50 ग्रॅम ग्लुकोज. पेशी ते वापरून टाकतात आणि उरतं नुसतं पाणी. ते सगळ्या शरीरात पसरतं. ढोबळमानाने लिटरमधलं 80-90 मिली रक्तवाहिन्यांत राहतं. म्हणून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला डी-5 देऊन उपयोग नाही. (आणि ‘ताकद’ म्हणाल तर जेमतेम 200 कॅलरी.) एनएस, म्हणजे नॉर्मल सलाईन, पेशींच्या बाहेरच राहतं, त्यामुळे लिटरमधलं साधारण पाव लिटर रक्तात टिकतं.

आता खरी गंमत. एनएसमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सोडियम 154 आणि क्लोराइडही 154 मिलिमोल. आपल्या रक्तात सोडियम 140 च्या आसपास असतं, पण क्लोराइड फक्त 100 च्या आसपास. मग याला नॉर्मल कोण म्हणालं? धागा जातो 19 व्या शतकाच्या अखेरीस डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांच्याकडे. कोणत्या मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी फुटत नाहीत, हे ते काचेच्या नळीत बघत होते. रुग्णाच्या शिरेत काय द्यावं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

जास्तीच्या क्लोराइडने रक्त आम्लधर्मी होतं, किडनीचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, यात क्लोराइड 109 च्या आसपास. शिवाय लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट बनतं. कागदावर आरएल जिंकतं. रुग्णांत काय होतं?

2018 च्या स्मार्ट ट्रायलमध्ये अतिदक्षता विभागातले 15,802 रुग्ण होते. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीचं टिकून राहिलेलं नुकसान, यांपैकी काहीही एक झालं असे रुग्ण सलाईन गटात 15.4 टक्के आणि आरएलसारख्या संतुलित द्रवांच्या गटात 14.3 टक्के. फरक छोटा, आणि तीन परिणाम एकत्र बांधलेले. शिवाय सगळे रुग्ण अमेरिकेतल्या एकाच केंद्रातले. पेपर वाचताना इथे थांबायचं! पुढे ब्राझीलची बेसिक्स (2021) आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची प्लस (2022) या ट्रायल आल्या. दोन्हींनी थेट 90 दिवसांतले मृत्यू मोजले, आणि ठोस फरक दिसला नाही. प्लसमध्ये तर 21.8 विरुद्ध 22.0 टक्के.

म्हणजे यंत्रणा खरी, तरी सरसकट सगळ्या रुग्णांत तिचा परिणाम पकडणं अवघड. माझ्या मते ‘कोणतं चांगलं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘कोणासाठी’ हे जोडलं की उत्तरं मिळायला लागतात. बेसिक्समध्येच मेंदूला मार लागलेल्या रुग्णांत संतुलित द्रवाच्या गटात मृत्यू जास्त दिसले, त्यामुळे तिथे अजूनही एनएसला पसंती. आणि सतत उलट्या होऊन पोटातलं आम्ल निघून गेलेल्या रुग्णात क्लोराइडच कमी पडलेला असतो. तिथे एनएसमधला हाच जादा क्लोराइड कामाला येतो.