फुटलेली काच आणि विम्याचा कागद

पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेकडून येणारी मोटार धारवाड मागे टाकून हुबळीच्या वाटेला लागते, तेव्हा तिच्या पुढे बहुधा एखादा मालट्रक किंवा खडीचा टिप्पर चाललेला असतो. या जुळ्या शहरांना बाहेरून वळसा घालणारा रस्ता अनेक वर्षे दुपदरीच राहिला; त्यामुळे अवजड वाहनाच्या मागे मागे जाणे हा तेथील मोटारचालकाच्या अंगवळणी पडलेला प्रकार होय. पुढच्या जोडचाकात अडकलेला खडा एकाएकी सुटतो, 'टक्' असा आवाज होतो आणि समोरच्या काचेवर डाळीएवढा डाग उमटतो. चालक क्षणभर दचकतो आणि मग मनाशी म्हणतो, "विमा उतरलेला आहे, काळजी कशाला?" विमा उतरलेला असतो हे खरे. पण त्या विम्यात काच येते काय, येत असल्यास किती येते, आणि ती भरपाई मागणे शहाणपणाचे असते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे फारच थोड्या मोटारमालकांना ठाऊक असतात.

प्रथम काचेचाच विचार करू या. मोटारीच्या सर्व काचा एका जातीच्या नसतात. समोरची काच ही वस्तुतः दोन काचांची जोडी असते आणि त्यांच्यामध्ये एक पारदर्शक, चिवट पापुद्रा घट्ट बसविलेला असतो. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच कलावंत-रसायनज्ञाच्या हातून १९०३ साली एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, परंतु आत वाळून बसलेल्या द्रव्याच्या थरामुळे त्याचे तुकडे विखुरले नाहीत. यावरून त्याला अशा काचेची कल्पना सुचली, असे सांगतात. बाजूच्या काचा निराळ्या. त्या तापवून वाऱ्याच्या झोताने झपाट्याने थंड केलेल्या असतात. फुटल्या म्हणजे त्यांचा बोथट कणांचा चुरा होतो, पण धारदार पाती होत नाहीत. म्हणून बाजूची काच फुटली तर ती एकदम जाते; समोरची काच मात्र जखमी होऊन जागेवर उभी राहते.

येथेच चालकाची फसगत होते. काच उभी आहे म्हणून तो निर्धास्त राहतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मोटार तापते, आत बसल्याबरोबर थंड हवेचे यंत्र सुरू होते. काच बाहेरून प्रसरण पावत असता आतून आकुंचन पावू लागते, आणि कालचा डाळीएवढा डाग आज वीतभर लांबीची चीर होऊन बसतो. ही काच केवळ वारा अडवीत नाही. गाडी उलटल्यास छताला आधार देणे आणि अपघातात शेजारच्या आसनापुढची हवेची पिशवी फुगली असता तिला टेकू देणे, ही कामेही तिच्याकडे असतात. म्हणून डाग लहान आहे तोवर त्यात राळेसारखे द्रव्य भरून तो बुजविणे सर्वांत स्वस्त. चीर लांबल्यावर, किंवा डाग चालकाच्या नजरेसमोर असल्यास, काच बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

आता विम्याकडे वळू. आपल्याकडे मोटारीचा जो विमा कायद्याने सक्तीचा आहे, तो मालकाच्या गाडीसाठी नव्हेच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याची सक्ती १९४६ च्या जुलैपासून अमलात आली आणि आजच्या १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमाने ती पुढे चालू ठेवली. तिचा उद्देश एकच : आपल्या गाडीने तिऱ्हाईताचे नुकसान झाले, तर त्याला भरपाई मिळावी. ज्याच्याजवळ केवळ हा तिऱ्हाईताचा विमा आहे, त्याची काच खड्याने फुटो की झाडाच्या फांदीने, त्याला विमा कंपनीकडून एक पैही मिळावयाची नाही. कंपनीने नकार दिला, तर तो अन्यायही नव्हे. कारण त्या जोखमीचा हप्ता त्याने कधी भरलेलाच नसतो.

अलीकडे या गैरसमजात एक भर पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिऱ्हाईताचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पुष्कळदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपते, हा दुसरा भाग गळून पडतो, आणि मालक मात्र 'तीन वर्षांचा विमा आहे' या समाधानात वावरत असतो. दुसऱ्या पावसाळ्यात काच फुटली म्हणजे त्याचे डोळे उघडतात. म्हणून विम्याच्या कागदावर तारखा दोन असतात, हे ध्यानात ठेवून त्या दोन्ही वाचाव्यात.

ज्याने तिऱ्हाईताबरोबर स्वतःच्या गाडीचाही, म्हणजे सर्वसमावेशक म्हणतात तसा, विमा उतरविला आहे, त्याची स्थिती पुष्कळ चांगली असते. त्या करारात जोखमींची यादीच दिलेली असते : आग, वीज, चोरी, दंगल व संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणे, कोणी द्वेषबुद्धीने केलेली नासधूस, आणि बाहेरील कारणाने घडलेला कोणताही अपघात. ही यादी कोरडी वाटली, तरी या भागातील रहिवाशांना तिच्यातील प्रत्येक शब्दाचा अनुभव आहे. टिप्परचा खडा हा बाहेरील अपघात. वळवाच्या पावसाबरोबर पडणाऱ्या गारा यादीत नावानिशी आहेत. कलघटगी-यल्लापूरवरून आरबैल घाटाने अंकोल्याकडे उतरणाऱ्याला दरडीचे भय निराळे समजावून सांगावे लागत नाही. गाडीतील पिशवी लांबविण्यासाठी चोराने बाजूची काच फोडली, तर काच मिळते. पिशवी मात्र मिळत नाही, कारण विमा गाडीचा असतो, तिच्यातील सामानाचा नव्हे.

दंगलीचेही तसेच. ६ डिसेंबर २०२२ रोजी सीमाप्रश्नावरून वातावरण तापले असता बेळगाव-धारवाड मार्गावरील हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राची नंबरपाटी असलेल्या ट्रकांवर दगडफेक होऊन काहींच्या काचा फुटल्या. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासण्यात आले. वाद कोणाचा आणि बाजू कोणाची, हे विम्याचा करार विचारीत नाही. दंगलीत फुटलेली काच ही सर्वसमावेशक विम्याच्या यादीतील काच असते, मग गाडीची पाटी कोणत्याही राज्याची असो. अशा प्रसंगी पोलिसांत ताबडतोब नोंद करणे तेवढे चुकता कामा नये. उलट, केवळ जुनेपणाने किंवा झिजेने आलेला दोष या विम्यात बसत नाही. परवाना नसलेल्या किंवा मद्य घेतलेल्या माणसाच्या हाती गाडी असेल, तर मग दाव्याची आशाच सोडावी.

भरपाई किती मिळते? येथे काचेला एक विशेष मान आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. गाडीचा भाग बदलला म्हणजे कंपनी त्याच्या किमतीतून घसारा वजा करते. रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरी यांवर निम्मा. फायबर ग्लासच्या भागांवर तीस टक्के. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे वाढत वाढत दहा वर्षांनंतर निम्म्यापर्यंत. परंतु काचेच्या भागांवर घसारा शून्य. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले होते. १ जानेवारी २००७ पासून स्वनुकसानीच्या दरांवरील बंधन उठले, तरी कराराची ही चौकट चालत आली आहे. याचा अर्थ असा की, आठ वर्षांच्या जुन्या गाडीलाही नव्या काचेची पूर्ण किंमत धरली जाते.

मात्र काचेसारखे दिसते ते सारे काच नसते. आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढील दिव्यांवरचे आवरण प्लॅस्टिकचे असते. त्यावर निम्मा घसारा लागतो. आरशाची काच ती काच, पण तिचे घर प्लॅस्टिकचे. समोरच्या काचेभोवतीची पट्टी रबराची. शिवाय प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाची एक सक्तीची रक्कम असते. पंधराशे सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस ती एक हजार रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस दोन हजार रुपये आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून ज्याने स्वेच्छेने आणखी अडीच किंवा पाच हजार सोसण्याचे कबूल केले असेल, त्याचे तेही वजा होतात. असा माणूस काचेचा दावा घेऊन गेला, तर पुष्कळदा हाती फारसे काही उरत नाही.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : दावा करावा काय? ज्याने वर्षभर दावा केला नाही, त्याला पुढील वर्षी स्वनुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर ती वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास टक्के अशी चढत जाते. एक दावा केला की ही शिडी मोडते आणि पुन्हा तळापासून चढावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मोटारीचा सूट वजा न करता स्वनुकसानीचा हप्ता दहा हजार रुपये आहे आणि मालकाला सध्या पस्तीस टक्के सूट मिळते. त्याची काच फुटली. बिल नऊ हजारांचे झाले : काच सात हजार, रबराची पट्टी सहाशे, मजुरी चौदाशे. पट्टीवरील घसाऱ्याचे तीनशे आणि सक्तीचे एक हजार वजा जाता कंपनी त्याला ७,७०० रुपये देईल. हे झाले जमेच्या बाजूचे. दावा केला नसता, तर पुढील वर्षी पंचेचाळीस टक्के सूट मिळून हप्ता ५,५०० रुपये झाला असता. दाव्यामुळे तो पूर्ण दहा हजार होतो. म्हणजे पहिल्या वर्षी ४,५०० रुपयांचा तोटा. त्यानंतर पुन्हा दावा झाला नाही असे धरले, तरी पुढील चार वर्षांत तो अनुक्रमे ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जास्त भरील. एकूण बारा हजार! सात हजार सातशे मिळविण्यासाठी बारा हजार गेले. गाडीची किंमत दरसाल घटते आणि तिच्याबरोबर हप्ताही उतरतो; म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. पण तराजूचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, ते यावरून दिसून येते.

यावरून कोणीही दावा करू नये असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. ज्याची सूट मुळात शून्य किंवा अल्प आहे, त्याने अवश्य दावा करावा. ज्या काचेला कॅमेरा किंवा पावसाची चाहूल घेणारे यंत्र जोडलेले असते, तिचे बिल एवढे मोठे येते की सूट गेली तरी दावाच परवडतो. गारपिटीत काचेबरोबर पत्राही चेचला असेल, तर सारे नुकसान एकाच दाव्यात मागता येते. आणि ज्याने थोडा अधिक हप्ता भरून सूट सुरक्षित ठेवणारे जोडकलम घेतले आहे, त्याला त्या कलमाच्या मर्यादेत हा पेच पडतच नाही. डाग बुजविण्याच्या कामाला काही कंपन्या दावा समजत नाहीत. पण तसे विमापत्रात लिहिलेले असेल, तरच त्यावर विसंबावे. थोडक्यात, गॅरेजात पाऊल ठेवण्यापूर्वी कागद आणि पेन्सिल घेऊन पाच मिनिटे बसावे.

दावा करावयाचे ठरले, तर क्रम चुकवू नये. काच फुटल्याबरोबर छायाचित्रे काढावीत, कंपनीला लगेच कळवावे, आणि तिचा माणूस पाहून जाईपर्यंत काच बदलू नये. बदलल्यावर पुरावा भंगारात जातो. कंपनीशी करार असलेल्या गॅरेजात गेल्यास आपला वाटा तेवढा भरून गाडी सोडविता येते. नूतनीकरणाची तारीखही उलटू देऊ नये. विमा खंडित झाला की पुन्हा उतरविताना कंपनी गाडी तपासते, आणि त्या वेळी काचेवर दिसलेली चीर पुढे तिच्या माथी मारता येत नाही. नव्वद दिवसांहून अधिक खंड पडल्यास साठविलेली सूटही जाते.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकासाठी त्याचे कार्यालय बंगळूर येथे आहे. महाराष्ट्रातील विमेदारांसाठी मुंबई व पुणे येथे आहे. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. लागतो तो विम्याचा कागद, आणि तो आधी वाचलेला असणे.

हप्ता भरून झाला की विम्याचा कागद गाडीच्या खणात जातो आणि काच फुटेपर्यंत तेथेच पडून राहतो. मग घाईघाईने तो उघडला जातो, आणि त्यात काय नाही ते तेव्हा समजते. रस्त्यावरच्या खड्याला कोणी आवर घालू शकत नाही. टिप्परपासून चार गाड्यांचे अंतर राखणे आणि तो कागद एकदा शांतपणे वाचून काढणे, या दोन गोष्टी मात्र प्रत्येकाच्या हातातल्या आहेत. आणि दोहोंनाही पैसा पडत नाही.